गोलाईवरची हाक

पितृपक्ष लागला, पाऊस एकदाचा थांबला, आणि जुईनगरच्या पुढची रेल्वेची गोलाई बसलेली सापडली. ही सगळी लाईनच खाडीच्या मऊ चिखलावर भराव टाकून केलेली. दर पावसाळ्यात ती कुठे ना कुठे अंग टाकायचीच. पण त्या वर्षी तिने नेमकं वळणावर अंग टाकलं आणि रूळ बाहेरच्या बाजूला सरकला. साहेबांनी गोलाईच्या दोन्ही टोकांना गाडी हळू चालवायचा पिवळा बोर्ड उभा केला. मग काय, व्हीटीहून तोऱ्यात आलेली लोकल इथे येऊन पाय मुरगळलेल्या म्हशीसारखी चालायला लागली. दारात उभी असलेली माणसं खाली काम करणाऱ्या गँगला जाता जाता नाही नाही ते बोलायला लागली.

गँगचा मेट, म्हणजे मुकादम, होता सदू. इथलाच, शिरवण्याचा. गोलाई आहे तिथे आधी त्याच्या बापाची भातखाचरं होती. जमीन रेल्वेत गेली आणि तिच्यामागोमाग सदूही रेल्वेत गेला. त्यामुळे लाईन बसली की त्याला राग यायचा तो रेल्वेचा नव्हे, शेताचा. "आमचे बापाशी पन ही जमीन कधी नीट वागली नाय," असं म्हणून तो रुळाशेजारी पचकन थुंकायचा. थुंकून लगेच पायाने माती लोटायचा, कारण काही झालं तरी शेत बापाचं होतं.

या गँगमध्ये वेणूबाई नवीन लागली होती. ती कोरेगावकडची. तिचा नवरा हौसेराव याच गँगचा जुना गडी. शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी तो पहार उचलायला वाकला तो वर आलाच नाही. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. डॉक्टरांनी त्याला कामातून काढलं आणि बऱ्याच हेलपाट्यांनी त्याच्या जागी बायकोला घेतलं. चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक बाई. आयुष्यभर भांगलण केलेली, डोक्यावरून गवताचे भारे वाहिलेले. तिला कामाची भीती नव्हती.

आणि हेच काम तिला हवं होतं. त्याचं कारण गोलाईच्या आतल्या अंगाला होतं. रुळाला लागूनच रेल्वेच्या चार खोल्या होत्या. त्यातल्या कडेच्या खोलीत हौसेराव खाटेवर पडलेला असायचा. मुलगी वैष्णवी दहावीला, ती सकाळीच शाळेत जायची. दुपारी जेवायची सुट्टी झाली की वेणूबाई पहार टाकून घराकडे पळायची. नवऱ्याला उठवून बसवायचं, कूस बदलायची, चार घास भरवायचे, स्वतः दोन घास गिळायचे आणि परत रुळावर यायचं. गँगची हद्द घराजवळ होती म्हणून हे जमत होतं. दुसरीकडे कुठे टाकलं असतं तर तो माणूस दिवसभर तसाच पडून राहिला असता.

पण गँगमध्ये काहीतरी बिनसलं होतं.

वेणूबाई आली की माणसं गप्प व्हायची. आधी हसण्याखिदळण्याचा आवाज घरापर्यंत यायचा, हे तिला ठाऊक होतं. आता ती जवळ गेली की कुणी तंबाखू मळायला लागायचं, कुणी उगीच रुळाच्या सांध्यावरचा बोल्ट बघायला लागायचं. बोलायचे ते मात्र फार आदराने. "वैनी, तुमी सावलीत बसा." "वैनी, तुमी झेंडी धरा." "वैनी, पहार जड हाय, कशाला उचलताव?" इतका आदर की एखाद्याला वाटावं, पाहुणी म्हणून आली आहे आणि चहा घेऊन जाईल.

"मला झेंडी धराय घेतलेलं न्हाई," ती एकदा सदूला म्हणाली. "पगार पहारीचा हाय, तर पहारच द्या."

सदूने दिली. तिचं नशीबच खोटं, म्हणून की काय, दिली त्या दिवशीच घोळ झाला.

रूळ ओढायचा म्हणजे स्लीपरच्या टोकाची खडी मोकळी करायची, दहा-बारा जणांनी ओळीने रुळाखाली पहारी घालायच्या आणि सगळ्यांनी एका दमात जोर लावायचा. एका दमात म्हणजे एकाच. कुणी पुढे, कुणी मागे झालं की रूळ जागचा हलत नाही, हलतात ती माणसांची हाडं. मेट लांब जाऊन उकिडवा बसतो, रुळाला गाल लावून एक डोळा मिटतो आणि हाताने खुणा करतो, अजून, अजून, बस. हे सगळं सदू पूर्वीसारखंच करत होता. फक्त जोर लावायची वेळ कळावी म्हणून तो शिट्टी फुंकत होता, आणि मिश्रीने भरलेल्या तोंडातून ती शिट्टी कधी वाजायची, कधी नुसतीच फुसफुसायची. अर्धी माणसं वाजल्यावर जोर लावायची, अर्धी फुसफुसल्यावर.

वेणूबाईची पहार निसटली आणि नडगीवर बसली. ती खाली बसली नाही. लुगड्याचा काठ नडगीवर दाबला, परत पहार घातली. हाताला फोड आले ते फुटले, त्यांच्यावर तिने चिंधी बांधली. रूळ मात्र चार बोटं हलायचा आणि गाडी गेली की परत मूळ जागी यायचा. लोकल डुगडुगत जायची. दारातला एखादा ओरडायचा, "ए, झोप झाली काय रे?"

साहेब आले ते याच वेळी. उदयसिंह त्यांचं नाव, कोल्हापूरकडचे, नुकतेच लागलेले, वयाने लहान. मनाने चांगला माणूस, आणि चांगल्या मनाने जे काय वाईट करता येतं ते करायला निघालेला.

"सदूभाऊ," ते म्हणाले, "मागच्या वर्षी हीच गँग, हीच गोलाई. एका ब्लॉकमध्ये ओढून मोकळे झालात म्हणे. आता काय झालं?"

सदूने आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं. बाकीच्यांनी खडीकडे पाहिलं.

"माणसं तीच आहेत ना?"

"तीच हायत," सदू म्हणाला. "हौसेराव नाय एक."

"एका माणसाने एवढा फरक पडतो?" साहेबांनी विचारलं, आणि त्यांची नजर आपोआप वेणूबाईच्या चिंधी बांधलेल्या हाताकडे गेली. ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. हे बाईमाणसाचं काम नाही. तुम्हाला कुर्ल्याच्या स्टोअरला टाकतो. सावलीत बसून काम. पगार तोच."

वेणूबाई पुढे आली. "साहेब, कुर्ल्याला गेल्यावर दुपारी ह्यास्नी कोण उठवंल?"

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "रविवारी ब्लॉक मिळतोय," ते म्हणाले. "गाड्या बंद. मी स्वतः उभा राहीन. त्यात गोलाई जागेवर आणलीत तर तुम्ही इथेच. नाही झालं तर मात्र मला गँग पुरी करावी लागेल. वरून रोज विचारतात, बोर्ड कधी निघणार."

साहेब गेले. सदू काहीतरी बोलेल म्हणून वेणूबाई त्याच्याकडे बघत राहिली. सदूने शिट्टी धोतराच्या सोग्याला पुसली, खिशात टाकली, परत काढली. सारी गँग अपराध्यासारखी उभी होती, आणि बाईला वाटलं, यांना मी नकोच आहे. हे आतून खूश असणार.

शनिवारी दुपारी ते फुटलं, तेही चुकून.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पुढचा एक सांधा सरळ करायचा होता. पहारी घातल्या. सदूने लांबून शिट्टी फुंकली, ती फुसकी निघाली. माणसं अर्धवट वाकलेली, रूळ अडलेला, पहारी थरथरताहेत. शिवा नावाचा एक दांडगा पोरगेला गडी होता, घणसोलीचा, नुकतंच लग्न झालेला. त्याच्या मानेच्या शिरा टम्म फुगल्या आणि जुन्या सवयीने त्याच्या तोंडून बाहेर पडलं,

"वेणू आली दारीऽऽ..."

आणि सवयीनेच दहा-बारा गळे ओरडले, "हय्या!"

रूळ टुणकन हातभर सरकला.

मग मात्र सगळं थिजलं. शिवाने जीभ चावली. म्हातारा पुंडलिक पहार तशीच धरून मागे वळला आणि खाडीकडे बघायला लागला. सगळ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गाडीची झेंडी दिसली, माणसं बाजूला झाली, लोकल डुगडुगत निघून गेली. वेणूबाईची नजर शिवावरून हलली नव्हती.

"काय म्हणालास रं?"

"मेटला इचारा," शिवा म्हणाला आणि चक्क पळाला.

सदू लांबून येत होता. येताना त्याला कळलं होतंच. तो तिच्यासमोर न येता रुळापलीकडे उभा राहिला आणि रुळाशीच बोलायला लागला.

"वैनी, गोष्ट अशी हाय. कामाला हाक लागते. हौसेराव आमचा हाक देनारा. त्याचे गल्यासारखा गला या लायनीवर नाय. आनि त्याची हाक... म्हंजे ती तुमचे नावाची व्हती."

"माज्या नावाची?"

"सुरवातीपासून. ही लाईन टाकली तवापासून. वाशीपासून बेलापूरपर्यंत जवढा रूल आमी वढला, तो तुमचे नावावर वढला. तुमचे खोलीजवल तेवढा तो गला बारीक करी, म्हनून तुमाला कलला नाय." सदूने घाम पुसला. "आता तुमी सोता समोर उभ्या. बाईमानूस, आमची वैनी. तुमचे तोंडावर तुमचा नाव कसा घेवाचा? म्हनून शिट्टी आनली. साहेबाला तरी काय सांगू?"

"आनि काय म्हणायचे माज्या नावावर?"

पुंडलिक खाडीकडे बघतच होता, तो तसाच म्हणाला, "वेणू रुसली, हय्या. मीठ इसरली, हय्या."

"गप बस रे!" सदू खेकसला.

"वेणू गेली म्हायेरी, हय्या. चूल रडली, हय्या," शिवाचा आवाज सिग्नलच्या खांबामागून आला. त्याला आता सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

वेणूबाईने पदर तोंडावर घेतला. म्हणजे आमटीत मीठ नव्हतं ते या सगळ्यांना ठाऊक. भावजयीच्या डोहाळजेवणाला माहेरी गेले तेही ठाऊक. नथ मोडली, कालवड आणायची म्हणून भांडले, वैष्णवीच्या वेळी उलट्या झाल्या, ते सगळं या रुळावर हय्या म्हणून गाजलेलं! ती तडक घराकडे निघाली. शिल्लक राहिलेल्या दिवसाचं काय, हे तिला विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

हौसेराव दाराकडे तोंड करून पडला होता. दाढीचे खुंट वाढलेले, पांघरूण पायाशी गोळा झालेलं.

"अवो," ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "मी आमटीत मीठ घालाय इसरले ते त्या शिरवण्याच्या माणसाला कशापायी सांगिटलं?"

हौसेरावने डोळे मिटले. मग एक उघडला. "इसरलीवतीस की," जड जिभेने तो म्हणाला.

"इसरले आसंन! पर साऱ्या लायनीला हाका मारून सांगायचं? घरात कवा नाव घेतलं न्हाई. वीस वरसं 'अगं ए', 'ऐकलं का'. आन रुळावर वेणू वेणू! त्या पोरासमोर मी उद्यापास्नं कशी उभी राहू?"

हौसेराव बराच वेळ शब्द जुळवत होता. त्याला घाई करून चालत नसे, हे तिला आता कळलं होतं. ती खाटेच्या कडेला टेकली.

"हाकंला नाव लागतं," तो म्हणाला. "देवाचं घेतलं तर... परतेकाचा देव येगळा. सदूची गावदेवी, माजा भैरोबा. भांडणं. तुजं नाव दोन अक्षरी. पहारीला बसतं." तो दमला, थांबला. "आनि दुसरं काय... तोंडात यायचंच न्हाई."

वेणूबाईला रागावायचं होतं. ती रागावून आली होती, तयारीने आली होती. पण या माणसाने घरात तोंडातून न काढलेलं आपलं नाव इतकी वर्षं उन्हात उभं राहून ओरडून घेतलं, हे मनात आलं. तिने त्याच्या पायावर पांघरूण ओढलं, जरा जास्तच जोराने.

"दाढी करा उद्या," ती म्हणाली. "कसं दिसतंय ते त्वांड."

"न्हाई करत," हौसेराव म्हणाला.

रविवारी ब्लॉक लागला. लाईन एकदम शांत झाली. इतकी की खाडीवरच्या बगळ्यांचा आवाज यायला लागला. साहेब छत्री घेऊन हजर होते. वैष्णवीला सुट्टी होती, तिने बापाची खाट ओढत ओढत दारात आणली आणि त्याच्या पाठीशी उशा लावल्या. तिथून गोलाई समोर दिसायची.

खडी मोकळी झाली. पहारी रुळाखाली गेल्या. सदू लांब जाऊन गाल टेकून बसला, त्याने शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. रूळ हलला, परत आला. पुन्हा फुंकली. पुन्हा तेच. ऊन चढलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि कुणाला दिसणार नाही अशा बेताने मान हलवली. ते वेणूबाईला दिसलं.

तिने पहार खाली ठेवली आणि पदर कमरेला खोचला.

"सदूभावजी," ती ओरडली, "ती शिट्टी टाका खिशात."

"मंग हाक कोन देल?" सदूही लांबून ओरडला. "शिवा तर तोंड उघडत नाय!"

"मी देते."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पुंडलिक हळूच म्हणाला, "बाय, आपला नाव आपन घेत नाय."

"मी कुटं माजं घेतीया?"

तिने पहार परत रुळाखाली घातली. लग्नात सासूने उंबऱ्यावर अडवलं तेव्हा एकदा, तेवढंच एकदा, तिने ते नाव घेतलं होतं, तेही इतक्या हळू की नणंदांनी परत घ्यायला लावलं होतं. नंतर कधी नाही. शाळेत मुलीच्या बापाचं नाव विचारलं तेव्हाही तिने वैष्णवीला पुढे केलं होतं. तिने घराकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि छातीत दम भरला.

"हौसेऽऽराव बसले!"

कुणी हय्या म्हणालं नाही. सगळ्यांचे आ वासले होते. साहेबांची छत्री कलली.

"आरं म्हणा की, मुडद्यांनो!" वेणूबाई म्हणाली. "हौसेऽऽराव बसले!"

"हय्या!"

"दारात बसले!"

"हय्या!"

"दाढी करंनात!"

"हय्या!" शिवा सगळ्यांत मोठ्याने.

"औषद थुकत्यात!"

"हय्या!"

"लेक रागावली!"

"हय्या!"

"तंबाकू मागत्यात!"

"हय्या!"

रूळ चालायला लागला. टुणकन उडी मारून नव्हे, तर एकेक बोट, आणि गेलेलं बोट परत येत नव्हतं. लांबून सदूचा हात हलत होता, अजून, अजून. दहा-बारा पाठी एकदम वाकत होत्या, एकदम वर येत होत्या. माणसं हसत होती आणि जोर लावत होती. हसतानाच त्यांचा जोर वाढत होता, कारण गेले कित्येक दिवस त्यांना हसायला मिळालं नव्हतं. वेणूबाईच्या नडगीतून कळ येत होती, चिंधी लाल झाली होती. तिची हाक काही थांबत नव्हती. वीस वर्षांचं साठलेलं होतं, एका गोलाईत थोडंच संपणार? हौसेराव जत्रेत हरवले. हौसेराव सासऱ्याला भ्याले. हौसेराव लेकीच्या पाचवीला रडले.

सदूने दोन्ही हात वर केले. बस.

साहेब रुळाच्या टोकाला जाऊन उकिडवे बसले. सदूसारखाच गाल टेकवून त्यांनी पाहिलं. उठून पँटला लागलेली माती झटकली आणि हातातली फीत लावून ठिकठिकाणी मापं घेतली.

"बोर्ड काढा," साहेब म्हणाले. मग वेणूबाईकडे वळले. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं असावं, पण ते हसू दाबत होते. "मावशी, स्टोअरला मी दुसरं कुणी बघतो. आणि सदूभाऊ, ती शिट्टी माझ्याकडे द्या."

"घ्या की," सदू म्हणाला. "धुवून घ्या."

गँगने लगोलग खडी भरली, ठोकून घट्ट केली. मग जेवायची सुट्टी झाली आणि वेणूबाई नेहमीसारखी घराकडे पळाली. नेहमीसारखी म्हणायची खरी, पण उंबऱ्याच्या जवळ आल्यावर तिने कमरेला खोचलेला पदर सोडून सारखा केला. गँगसमोर सोपं होतं. आता या माणसासमोर जायचं होतं.

वैष्णवी दारातच होती, डोळे पुसत, हसत. "आई, पप्पा डाव्या हातानं खाट बडवत होते. प्रत्येक हय्याला. टेन्शन आलं मला, म्हटलं पडतील खाली."

"खोटं," हौसेराव म्हणाला.

वेणूबाईने त्याच्याकडे न बघता हात धुतले, भाकरी ताटात कुस्करली, त्यावर आमटी ओतली आणि खाटेच्या कडेला बसली. पहिला घास तिने त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही. डोळ्यांतलं पाणी दाढीच्या खुंटात उतरलं होतं, ते त्याने पुसलं नव्हतं. तिने पदराने पुसलं. बाहेर ब्लॉक उठला होता. बोर्ड निघाल्यावरची पहिली लोकल गोलाईवरून सरळ, भरधाव गेली आणि खोलीतली भांडी नुसती किणकिणली.

"सूर खाली व्हता," हौसेराव म्हणाला.

"बरं."

"राव लांबवायचं. हौसे न्हाई. जोर... रावला येतो."

"बरं म्हटलं ना. खावा आता."

त्याने घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग डाव्या हाताने तिची चिंधी बांधलेली बोटं धरली.

"परत घे की एकदा."

वेणूबाईने पुढचा घास कालवला. कानापर्यंत लाल झालेली मान तिने वर केली नाही.

"ब्लॉक संपला," ती म्हणाली.